दुसरी लाल चौकट

बस डेपोतलं मुंगीचं काम एका वाक्यात सांगता आलं असतं: एका माणसाला एकाच वेळी दोन गाड्यांवर बसवायचं नाही. वाक्य सोपं, काम जिकिरीचं. शहरातल्या फेऱ्यांची ड्यूटी एका शीटवर लागायची, लांब पल्ल्याच्या गाड्यांची दुसऱ्या शीटवर, आणि चालक मात्र दोन्हीकडे तेच. पूर्वी हे जुळवायला दोन माणसं दिवसभर डोळे फोडून घ्यायची. तरीही एखादा चालक दोन्हीकडे लागायचाच, आणि मग सकाळी फाटकावर तमाशा.

मुंगी आली आणि तिने दोन शीटांमध्ये एक नियम बसवून दिला. या शीटवरचं नाव त्याच तारखेला त्या शीटवर सापडलं, तर ती चौकट आपोआप लाल व्हायची. कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात त्याला. डेपोतली मंडळी त्याला 'मुंगीचा चावा' म्हणत. मॅनेजर सकाळी आत शिरता शिरता विचारायचे, "आज किती चावे?" आणि ती आकडा सांगायची. लाल रंगाची तिला भीती कधी वाटली नव्हती. लाल दिसलं की नाव बदलायचं, पांढरं झालं की चहा घ्यायचा.

मुंगी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती बटणं, गोट्या, बाटल्यांची झाकणं, हाताला लागेल ते ओळीने मांडत बसायची, म्हणून अप्पांनी, तिच्या वडिलांनी, ते नाव ठेवलं होतं. अप्पा लिफ्टचे मिस्त्री. उभा जन्म उंच इमारतींच्या पोटात, तेलकट दोरांमध्ये काढलेला माणूस. बोलणं तिखट, हात पक्का. दुरुस्ती झाली की आधी स्वतः वरपर्यंत जाऊन यायचे, मगच दुसऱ्याला आत पाय ठेवू द्यायचे.

तो माणूस आता खिडकीजवळच्या खुर्चीत दिवसभर बसून असायचा. तोंड किंचित उघडं. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही.

हे सगळं आईच्या आजारपणात सुरू झालं. आईला अचानक इस्पितळात न्यावं लागलं, आणि अप्पा बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात पिंजऱ्यातल्या वाघासारखे फेऱ्या मारू लागले. झोप नाही, खाणं नाही. तिथल्याच एका डॉक्टरांना दया आली, त्यांनी अप्पांसाठी रात्रीची एक गोळी लिहून दिली. आई काही त्यातून उठली नाही. तिला निरोप दिला तेव्हा अप्पा दगडासारखे बसून होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "तुझी आई उठली का?"

त्या दिवशी मुंगीच्या दादाने त्यांना खरं सांगितलं. अप्पा असे काही ओरडले, की शेजारचे धावत आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा तोच आकांत. तिसऱ्या वेळी दादाचा धीर सुटला आणि तो बोलून गेला, "आई मावशीकडे गेलीय. येईल." अप्पांनी मान हलवली आणि टोस्ट चहात बुडवला.

तेव्हापासून आई मावशीकडे होती. तिचा फोटो भिंतीवर लागला नाही. तिच्या साड्या मुंगीच्या घरी एका बॅगेत गेल्या. तिचं नाव घरात हळू आवाजात घ्यायचं, ते थांबून थांबून अजिबातच थांबलं. रडायचं तर नळ सोडून न्हाणीघरात.

मुंगी दादाच्याच मजल्यावर, समोरच्या दारात एकटी राहायची. लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. अप्पा दादाकडे असले तरी त्यांचं करणं दोघींनी वाटून घेतलं होतं. सकाळ-दुपार वहिनीची, म्हणजे दादाच्या बायकोची. डेपोतून आल्यावर संध्याकाळ आणि रात्र मुंगीची. रात्रीचं सूप भरवणं, पांघरूण घालणं, औषध देणं. दोघी डोळ्यांत तेल घालून करायच्या. वहिनीला तर स्वतःचे वडील लहानपणीच गेलेले, तिचा अप्पांवर लेकीपेक्षा काकणभर जास्तच जीव.

तरीही अप्पा उतरतच गेले. पाय अडखळायला लागले, शब्द सापडेनासे झाले. गल्लीतल्या डॉक्टरांनी वयाचा विसराळूपणा असं सांगितलं. "होतं असं. स्वीकारायला शिका," ते म्हणाले. शेवटी दादाने स्मरणशक्तीच्या तज्ज्ञ असलेल्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ मिळवली. त्यांच्या दवाखान्यातून निरोप आला: येताना सगळ्या औषधांची यादी आणा, पाकिटावरचं नाव आणि गोळीच्या आतला घटक, दोन्ही लिहून आणा.

यादी म्हटल्यावर मुंगीकडे काम येणार हे ठरलेलंच होतं.

रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन अप्पांसमोरच बसली. वहिनीने तिच्या डब्यातल्या पाकिटांची माहिती फोनवर टाइप करून पाठवली होती. ती मुंगीने एका शीटवर चिकटवली आणि शीटला नाव दिलं 'वहिनी'. दुसऱ्या शीटवर तिने आपल्या डब्यातली औषधं लिहिली, त्याचं नाव 'मुंगी'. पाकिटावरचं नाव, आतला घटक, कशासाठी, केव्हा. घटकांची नावं बारीक अक्षरांत असतात, ती वाचायला तिला पाकीट खिडकीकडे धरावं लागत होतं. अप्पा तिच्या हाताकडे बघत होते, की हातामागच्या उजेडाकडे, कुणास ठाऊक.

यादी झाली. मग तिच्या मनात आलं, आम्लपित्ताची कॅप्सूल आपण दोघी देतो, ती प्रत्येकीने वेगवेगळी कशाला आणायची? आणखी काय काय दोन्ही डब्यांत आहे ते पाहावं, म्हणजे एकदमच आणता येईल. ओळी मोजक्याच होत्या, डोळ्यांनीही पाहता आलं असतं. पण हाताला सवय. तिने आपल्या शीटवरचा घटकांचा कॉलम निवडला आणि डेपोतला नियम लावला: या चौकटीतलं नाव 'वहिनी' शीटच्या कॉलममध्ये एकदा जरी सापडलं, तर लाल कर.

काहीच लाल झालं नाही.

तिला हसू आलं. आम्लपित्ताची कॅप्सूल तर दोन्हीकडे होती, ती तरी लाल व्हायला हवी होती. म्हणजे नियम चुकला. तिने तो उघडला आणि लगेच चूक सापडली. दुसऱ्या शीटवरची यादी कुठून कुठपर्यंत, हे सांगताना ती डॉलरची चिन्हं घालायची विसरली होती. ती नसली की नियम एकेक ओळ खाली उतरतो तशी समोरची यादीही एकेक पायरी खाली घसरते, आणि वरची नावं हातातून निसटतात. डेपोत नव्या मुलींना ती हेच पहिल्यांदा शिकवायची. रविवारची सुस्ती, दुसरं काय. तिने डॉलर घातले आणि बटण दाबलं.

तळाशी दोन चौकटी लाल झाल्या.

एक आम्लपित्ताची. ती अपेक्षितच होती. दुसरी तिच्या खालची, शेवटच्या ओळीतली. रात्रीची झोपेची गोळी, इस्पितळातल्या डॉक्टरांनी दिलेली.

मुंगीने ती ओळ वाचली. मग 'वहिनी' शीट उघडली आणि तेच नाव शोधलं. वरून तिसरी ओळ. पाकिटावरचं नाव निराळंच, कधी न ऐकलेलं. 'कशासाठी' या कॉलममध्ये वहिनीने लिहिलं होतं, 'नसा शांत राहायला'. 'केव्हा' मध्ये, 'सकाळी आणि दुपारी'. आणि आतला घटक अक्षर न् अक्षर तोच.

पहिल्यांदा तिला वाटलं, चिकटवताना आपलीच ओळ चुकून तिकडे गेली. मग तिने नियम उलटा लावून पाहिला, 'वहिनी' शीटवरून 'मुंगी' शीटकडे. तिथेही तीच ओळ लाल झाली. तिने दोन्ही नियम काढून टाकले. रंग गेला, नावं तशीच राहिली. ती उठली, वहिनीचा औषधांचा डबा काढला, ते पाकीट शोधलं, आणि खिडकीशी जाऊन दोन पाकिटं शेजारी शेजारी धरली. एक निळं, एक चंदेरी. मागची बारीक अक्षरं एकच. वहिनीच्या गोळीचा जोर, म्हणजे मिलिग्रॅमचा आकडा, तर तिच्या गोळीच्या दुप्पट.

तिने ती पुन्हा पुन्हा उलटसुलट केली, तशी पाकिटं एकमेकांवर वाजू लागली. त्या आवाजाने अप्पांनी मान वळवली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. शब्द लोळागोळा होऊन बाहेर आले.

"काही नाही, अप्पा."

आदल्या रात्रीचं तिला आठवलं. अप्पा तोंड उघडत नव्हते. तिने हनुवटीला हात लावून गोळी जिभेवर ठेवली होती, पाणी पाजलं होतं, आणि वर म्हणाली होती, "शहाणं माझं बाळ ते." त्याआधीच्या रात्री तेच. त्याच्याही आधी तेच. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. इथे पाहुण्याला दोन्ही घरांनी भरवलं होतं.

ती स्वयंपाकघरात गेली. वहिनी भांडी पुसत होती.

"वहिनी, हे चंदेरी पाकीट कधीपासून आहे?"

"नसांचं ना? आई गेल्यावर थोड्या दिवसांनी. अप्पा दिवसा फार बिथरायचे, तुला आठवतं का, दार उघडून जिन्यात जायचे. तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी दिलं. मध्ये वाढवूनही दिलं त्यांनी."

"वाढवून?"

"मी सांगितलं ना त्यांना, की विसरणं वाढलंय, चिडचिड वाढलीय. म्हणाले, जोर वाढवू." वहिनीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं. "का गं?"

"रात्रीची गोळी मी देते, ते त्यांना माहीत होतं?"

"इस्पितळातली औषधं तू देतेस, एवढं सांगितलं होतं. मला वाटलं, ती रक्तदाबाची." वहिनीचा आवाज बारीक झाला. "मुंगी, का विचारतेयस?"

मुंगीने दोन्ही पाकिटं ओट्यावर उलटी ठेवली आणि त्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. वहिनीने एक वाचलं. मग दुसरं वाचलं. मग पुन्हा पहिलं वाचलं. ती ओट्याला धरून हळूहळू खाली बसली, फरशीवर, पाय पसरून. म्हणाली, "मी चमच्यात कुटून दिली. त्यांना गिळता येत नव्हती, म्हणून मी कुटून, साखर घालून दिली."

दोघींनी वेगवेगळ्या दुकानांतून औषधं आणली होती, मुंगीने डेपोजवळून, वहिनीने गल्लीतून. कोणत्याच दुकानदाराने दोन्ही पाकिटं एकत्र पाहिली नव्हती. कोणत्याच डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले नव्हते. आणि ज्या दोघींनी ठेवायला हवे होते, त्या रोज दाराशी भेटून विचारायच्या, "औषध दिलंस?" "दिलं." आणि निश्चिंत व्हायच्या.

दादा झोपला होता, त्याला उठवलं. ऐकल्यावर तो पायात चपला सरकवून गल्लीतल्या डॉक्टरांच्या घरी निघाला होता. मुंगीने त्याला दंडाला धरून बसवलं. "भांडण नंतर कर. आधी आज रात्रीचं काय ते बघू." तिने तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या तातडीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून नर्सने सगळं लिहून घेतलं, थांबायला सांगितलं, आणि थोड्या वेळाने परत येऊन म्हणाली, "मॅडम म्हणतात, एकदम सगळं बंद करू नका. ते आणखी वाईट. आज फक्त रात्रीची द्या, आणि उद्या सकाळी पहिल्यांदा त्यांना इकडे आणा."

म्हणजे त्या रात्रीही गोळी द्यायची होती, आणि मुंगीनेच. ती ग्लास घेऊन अप्पांसमोर उभी राहिली. निम्मं पाणी तिच्या हातावर सांडलं. अप्पांनी मुकाट्याने तोंड उघडलं, नेमकं त्याच दिवशी.

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, आणि शांत. त्यांनी दोन्ही शीटा पाहिल्या, पाकिटं पाहिली, अप्पांचे डोळे पाहिले, त्यांना खोलीत चालवून पाहिलं. मग म्हणाल्या, "उतारवयात हे औषध लवकर शरीराबाहेर जात नाही. साठत जातं. माणूस धुक्यात जातो, आणि धुकं वाढलं की घरचे सांगतात विसरणं वाढलं, की आणखी औषध. तुमच्या घरात तेच झालंय."

"म्हणजे त्यांना तो आजार नाहीच?" दादाने विचारलं.

"असेलही थोडा. धुकं निघाल्याशिवाय मी सांगू शकत नाही. हळूहळू उतरवू. कित्येक आठवडे लागतील, मधे त्रासही होईल."

उठता उठता वहिनीने विचारलं, "मी त्यांना मारलं असतं का?"

डॉक्टरीणबाईंनी हातातली पाकिटं खाली ठेवली. मग त्या म्हणाल्या, "जिन्यात पडले असते तर, हो. पण पडले नाहीत. तुम्ही त्यांना पडू दिलं नाहीत."

त्या दिवसापासून वहिनीने औषधाच्या डब्याला हात लावणं सोडलं. अप्पांच्या खोलीतही ती कामापुरतीच जायची, पाहुण्यासारखी, दारावर टकटक करून. औषध दादा द्यायला लागला. गल्लीतल्या डॉक्टरांकडे तो शेवटी गेलाच. तावातावाने गेला आणि मान खाली घालून परत आला. "ते म्हणाले, रात्री झोपेची गोळी चालू आहे हे मला कोणी सांगितलं? काय बोलणार? त्यांनी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय."

पुढचे आठवडे वाईट होते. अप्पांना घाम फुटायचा, हात थरथरायचे, ते भिंतीवर किडे दिसतात म्हणायचे. मग एका सकाळी मुंगी डेपोत निघताना खोलीत डोकावली, तर ते खुर्चीतून म्हणाले, "ती खालची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर हिसका देते. कोणी बघत नाही का?"

मुंगी दारातच थिजली. वाक्य पूर्ण होतं. कर्ता, क्रियापद, तक्रार, सगळं जागच्या जागी.

त्यानंतर रोज काहीतरी परत येत गेलं. चहात साखर कमी आहे. बातम्या वाचणारी बाई चुकीचा आकडा सांगते. दादाचं पोट सुटलंय. एकदा त्यांनी वर्तमानपत्र मागितलं आणि तारखेवर बोट ठेवून ती दोनदा वाचली. डेपोत मुंगी येता-जाता हे सांगायची आणि मंडळी म्हणायची, अगं मग पेढे दे की. ती हसायची. पण तिच्या आणि दादाच्या मनात एकच धोंडा होता, आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हती.

शेवटी दादाच म्हणाला, स्वयंपाकघरात, दार लोटून. "विचारलं तर मावशीकडेच आहे म्हणायचं. अजून पुरते बरे नाहीत ते."

"आणि पुरते बरे झाल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा."

"दादा, ते आता तारीख वाचतात. वर्ष होत आलं. इतके दिवस कोणी बहिणीकडे राहतं का?"

"मग तू सांग. मी दोनदा सांगितलंय. ते ओरडणं तू दारातून ऐकलंस, मी समोर बसून." त्याचा आवाज फाटला. "मला नाही जमणार तिसऱ्यांदा."

वहिनी पाठमोरी उभी होती. ती म्हणाली, "मला वाटतं त्यांना कळलंय."

थंडी पडायला लागली होती. एका सुट्टीच्या सकाळी अप्पा म्हणाले, मला खाली चक्कर मारायचीय, माझा कोट कुठाय? मुंगीने कपाटाच्या मागच्या कप्प्यातून काळा कोट काढून दिला आणि स्वतःची चप्पल शोधायला समोर गेली. परत आली तेव्हा अप्पा कोट घालून पलंगाच्या कडेवर बसले होते. तळहातावर आईचा चष्मा. एक काडी दोऱ्याने बांधलेला.

"खिशात होता," ते म्हणाले.

आईची प्रत्येक वस्तू तिने आणि वहिनीने हुडकून हुडकून हलवली होती. त्या कोटाला कोणी हात लावला नव्हता. इस्पितळातून आल्यापासून तो कोणी घातलाच नव्हता.

"शेवटी आयसीयूत नेताना तिने माझ्याकडे दिला असणार. सांभाळा म्हणाली असेल." अप्पा चष्मा उलटसुलट करून पाहत होते, एखादा सुटा भाग पाहावा तसे. "चष्म्याशिवाय तुझ्या आईला समोरचा जिना दिसत नाही. ती बहिणीकडे जाऊन राहील, आणि वर्षभर चष्मा मागणार नाही?"

"अप्पा…"

"खोटं बोलू नकोस आता. मला आता कळतंय."

मुंगी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "आई गेली, अप्पा. इस्पितळातच. वर्ष होईल."

ती त्या आकांताची वाट बघत राहिली. तो आला नाही. अप्पांनी फक्त चष्म्याच्या काड्या मिटल्या, एक, मग दुसरी.

"मी होतो तिथे?"

"होतात. शेवटपर्यंत होतात."

"आणि तिला निरोप दिला तेव्हा?"

"तेव्हाही."

"रडलो का मी?"

मुंगीने मान हलवली. नाही.

"बघ," अप्पा म्हणाले. कोणाला म्हणाले, ते कळलं नाही. "इतकी वर्षं संसार केला, आणि मी रडलो नाही. लोक काय म्हणाले असतील." मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, भिंतीला चीर जावी तसा, आणि ते कोटासकट आडवे झाले आणि तोंड भिंतीकडे केलं. मुंगीने पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला.

"गोळ्यांचं सांगितलंय मला दवाखान्यातल्या बाईंनी," ते भिंतीकडे पाहूनच म्हणाले. "चूक होते. चूक मी समजू शकतो. पण मावशीकडे गेली असं सांगायची काय गरज होती? मला माझ्या बायकोला मरू पण दिलं नाहीत तुम्ही."

आम्ही दोनदा खरं सांगितलं होतं, हे तिच्या ओठांवर आलं. पण ज्याला आठवत नाही त्याला ते सांगून काय उपयोग, असं वाटून तिने ते गिळलं.

अप्पांनी दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं. जेवायला यायचे, जेवायचे, उठायचे. दादाने दिलेली गोळी हातात घेऊन आधी पाकिटाची मागची बाजू वाचायचे, मग घ्यायचे. दादा तेवढ्यानेही खचून गेला. "कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं," तो मुंगीला म्हणाला. ती म्हणाली, "वाचू दे. आपण वाचलं नाही, ते वाचतायत."

तिसऱ्या दिवशी मुंगी डेपोतून जरा लवकर परतली. दार उघडंच होतं. आतून अप्पांचा आवाज येत होता, आणि ते मुंगीला नाही, दादाला नाही, वहिनीला हाक मारत होते. वहिनी टकटक करून दारात जाऊन उभी राहिली.

"तिथे काय उभी राहतेस? आत ये, बस."

वहिनी आत गेली, पण बसली नाही. "अप्पा, माझ्या हातून…"

"ते राहू दे. ते तुझ्या एकटीच्या हातून नाही झालं." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ रात्री तू असायचीस, असं मुंगी म्हणाली. मला त्यातलं काही आठवत नाही. पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

मुंगी बाहेरच्या खोलीत, पर्स खांद्यालाच ठेवून, भिंतीला टेकून उभी राहिली. आत वहिनी सांगू लागली. सुरुवातीला शब्द अडकत होते. आईला पलंगाच्या दांड्या आवडायच्या नाहीत, त्या काढायला लावायची. शेजारच्या पलंगावरच्या बाईशी तिचं पंख्यावरून भांडण झालं होतं. नर्सची वेणी तिने बसल्या बसल्या सोडून पुन्हा घालून दिली होती, कारण म्हणे वाकडी होती.

"वाकडं तिला खपायचंच नाही," अप्पा म्हणाले. आवाज ओला होता.

"आणि तुम्हाला शिव्या घालायची, अप्पा. म्हणायची, ते बाहेर फेऱ्या मारतात ना, त्यांच्या बुटांच्या आवाजाने मला झोप येत नाही."

अप्पांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. हसू होतं की हुंदका, ते बाहेर उभ्या असलेल्या मुंगीला सांगता आलं नसतं. मग तो हुंदकाच झाला, आणि वहिनीचाही त्यात मिसळला. नळ सोडायला कोणी गेलं नाही.

मुंगीचे डोळे भरून वाहू लागले आणि तिने ते पुसले नाहीत. मागे जिन्यात पावलं वाजली. दादा कामावरून आला होता. तो बूट काढायला वाकला, आणि आतून अप्पांचा आवाज आला, मोठा, स्पष्ट, आईचं नाव घेणारा. वर्षभर त्या घरात ते नाव कोणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

दादा एक बूट हातात धरून तसाच उभा राहिला.

"काय चाललंय?" त्याने कुजबुजत विचारलं.

"आईचं बोलतायत," मुंगी म्हणाली, नेहमीच्या आवाजात. "जा आत. तुलाही काही आठवत असेल तर सांग."